अनुभव धागा: धावण्यासाठी परवडणारे जीपीएस घड्याळ

ठाणे-नवी मुंबईत धावणाऱ्यांनी इथे लिहावे. बजेट वीस-पंचवीस हजारांच्या आतले. कुठल्या रस्त्यावर घड्याळ कसे चालते आणि कुठे गंडते, तेवढेच सांगा. 'मस्त आहे, घेऊन टाका' छाप प्रतिसाद नकोत.

कासारवडवली
घड्याळात स्वतःची जीपीएस चिप आहे का, ते आधी बघा. खोक्यावर 'कनेक्टेड जीपीएस' लिहिले असेल तर नाही. ते फोनचे लोकेशन उसने घेते. फोन घरी ठेवून दोन किलोमीटर पळून या. नकाशावर रेघ उमटली तर चिप आहे. नुसते अंतर आले तर ते हाताच्या हालचालीवरून पावले मोजून काढलेले, आणि दमून पावले आखडली की तेही चुकते.

घोडबंदरवाला
मग प्रश्न सिंगल बँड (उपग्रहाची एकच फ्रिक्वेन्सी ऐकणारे) की ड्युअल (दोन ऐकणारे). टॉवरच्या भिंतीवर आपटून आलेला सिग्नल उशिरा पोचतो, घड्याळाला उपग्रह आहे त्याहून लांब वाटतो आणि तुमची रेघ सोसायटीच्या आत घुसते. ड्युअल बँड घड्याळ एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) सोबत एल५ही (११७६.४५) ऐकते, एल५वर थेट आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळा काढणे सोपे जाते. कोरोस पेस ३ मध्ये ही सोय आहे, गार्मिन फोररनर ५५ मध्ये नाही. मात्र मेट्रोच्या पुलाखालून पळालात तर दोघांचीही गत सारखीच, आकाशच झाकलेले. सर्व्हिस रोडची बाहेरची कड धरा.

पाम बीच पहाट
आमच्याकडे ड्युअलवर पैसे घालायची गरज नाही. पाम बीच रोडला आकाश मोकळे, फोररनर ५५ पुरते. बिघडते ते घाईने. लोक बिल्डिंगच्या पोर्चमध्येच स्टार्ट दाबतात! लॉक मिळाल्यावरही (म्हणजे घड्याळाला उपग्रह सापडल्यावरही) अर्धा-एक मिनिट उघड्यावर थांबा. आदल्या रात्री ॲपशी सिंक करा. उपग्रह पुढचे काही दिवस कुठे असतील ती माहिती घड्याळात उतरते आणि सकाळी लॉक पटकन मिळतो. रेकॉर्डिंग 'स्मार्ट'वरून 'दर सेकंदाला' करा. त्या क्षणाचा पेस (किलोमीटरला लागणारी मिनिटे) नाचतो, त्यावर वेग ठरवू नका. स्क्रीनवर लॅप पेस, म्हणजे चालू टप्प्याची सरासरी, लावा.

येऊर चढ
चढ मोजायचा असेल तर बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची काढणारा सेन्सर) हवा. ५५ मध्ये नाही, पेस ३ मध्ये आहे. त्याचे बारीक भोक घामाच्या मिठाने बुजले की सपाट रस्त्यावरही चढ दिसायला लागतो. धावून आल्यावर साध्या पाण्याखाली धरा. टोकदार काही खुपसू नका.

उपवन
पावसाळ्यासाठी बटणे असलेलेच घ्या. टचस्क्रीनवर थेंब पडले की लॅप आपोआप पडतात, कधी रन पॉजही होतो. चार्जिंगला लावण्याआधी मागचे पिन कोरडे पुसा. ओल्या, खारट पिनांना करंट मिळाला की ते गंजतात. वॉरंटीवाले तो गंज मान्य करतील, या भरवशावर राहू नका.

खारघर हिल
हृदयाच्या ठोक्यांबद्दल: घड्याळाचा पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर आणि धावताना एक भोक घट्ट. हळू जॉगलाही १७०-१७५ दिसत असतील तर सेन्सर बहुधा ठोक्यांऐवजी पावलांची लय मोजतोय. इंटरव्हलसाठी (आलटून पालटून जोरात-हळू पळताना) ठोके मोजणारा छातीचा पट्टाच बरा. जुना, फक्त अँट प्लसवाला (ब्लूटूथसारखीच दुसरी वायरलेस जोडणी) पट्टा पडून असेल तर पेस ३ घेऊ नका, ते फक्त ब्लूटूथवर जोडते. ५५ दोन्ही घेते.

कासारवडवली
अजून एक. २१.१ किलोमीटरच्या शर्यतीत २१.४ दिसले म्हणून घड्याळ बदलायला निघू नका. मार्ग मोजतात तो वळणांची आतली कड धरून, आपण गर्दीतून नागमोडी जातो. ऑटो लॅप (दर किलोमीटरला आपोआप पडणारा) बंद करून किलोमीटरच्या पाटीला हाताने लॅप दाबा. ४०० मीटर ट्रॅकवर 'ट्रॅक रन' मोड लावा आणि लेन बरोबर निवडा. चौथ्या लेनची एक फेरी सुमारे ४२२ मीटर भरते.