कामावरून परतल्यावर रात्री काय करावे?

रत्नागिरीत आम्ही दोघेही नोकरी करतो आणि घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात. सासूबाईंना पचेल, मुलेही खातील आणि अर्ध्या तासात होईल, असा रोजचा साधा स्वयंपाक कृपया सुचवावा.

उत्तर १
कुळथाची पिठी आणि गुरगुट्या भात यांना तोड नाही. चौघांसाठी अर्धी वाटी पीठ थंड पाण्यात गुठळी न राहील असे कालवून घ्यावे. तेलात लसूण व हिरवी मिरची लालसर झाली की चार वाट्या पाणी, मीठ आणि दोन-तीन आमसुले घालावीत व उकळी फुटताच कालवलेले पीठ ढवळत ओतावे. पिठी बुडबुडे काढत दाटू लागली की पाच मिनिटे मंद आचेवर ठेवावी. निवल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून पातळच उतरवावी.

उत्तर २
मुलांसाठी घावन करावे. तांदळाचे पीठ आंबवावे लागत नाही. मात्र ते ताकासारखे पातळ हवे, नाहीतर जाळी पडत नाही. सोबत ओल्या नारळाची चटणी पुरे.

उत्तर ३
१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात आमच्याकडे सुका जवळा असतो. तो निवडून, कोरडा भाजून, धुऊन भरपूर कांद्यावर परतावा. सासूबाईंना मात्र पिठीच द्यावी. जवळा रात्री जड जातो, असे माझे मत आहे.