प्रवासात पाठ करावा की नुसतं नाव घ्यावं?

माहुलीकर:
एसटी साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून हलली की दोन-चार जणांचे ओठ हलायला लागतात. त्यावर ‘गाडीत म्हटलेलं पाठात धरत नाहीत’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. रामरक्षेतच मागणं आहे: ‘रक्षणाय मम रामलक्ष्मणावग्रतः पथि सदैव गच्छताम्’. वाटेत पुढे चाला, असं ज्या स्तोत्रात देवाला सांगितलंय ते वाटेत म्हणायला हरकत कसली? भागवताच्या सहाव्या स्कंधातलं नारायण कवच बघा. वाटेवर वराहाने राखावं, डोंगरमाथ्यावर परशुरामाने आणि परमुलखात लक्ष्मणासह रामाने, अशी वाटणीच करून दिली आहे.

कृष्णाकाठ:
त्याच कवचाच्या सुरुवातीचं सोयीस्करपणे सोडलंत. ‘धौताङ्घ्रिपाणिराचम्य सपवित्र उदङ्मुखः’. हातपाय धुवून, आचमन करून, उत्तरेला तोंड करून, अंगन्यास-करन्यास (मंत्र म्हणत अवयवांना आणि बोटांना स्पर्श) झाल्यावर मौन धरून म्हणायचं. सांगलीहून निघालेली एसटी पेठ नाक्यापर्यंत वायव्येला तोंड करून जाते आणि हायवेला लागल्यावर कुठे उत्तर सापडते. (खिडकीकडे तोंड करून बसलात तर तीही नाही.) कवच म्हणजे चिलखत. ते घरून निघताना चढवायचं, रस्त्यात नाही. देवापुढे दहा मिनिटं आधी बसा, पाठ संपवा, मग बॅग उचला. गाडीत नामस्मरण करा, त्याला कोण अडवतंय?

मिरज जंक्शन:
शुचितेचं राहू द्या, आधी पाठ धड होतो का ते बघू. रामरक्षेला दहा-बारा मिनिटं लागतात, फलश्रुतीसकट अथर्वशीर्षाला सात-आठ, भीमरूपीला दोन-तीन. विष्णुसहस्रनामाला अर्धा तास धरा. पाठांतरावर म्हणणाऱ्यांची गाडी घसरते ती सहस्रनामात. ‘अनिरुद्धः सुरानन्दो’ विसाव्या श्लोकाच्या आसपास येतं आणि ‘अनिरुद्धोऽप्रतिरथः’ बरंच पुढे, अडुसष्टाव्याच्या आसपास. शेजारच्याने ‘कराड आलं का?’ विचारलं की पहिल्या अनिरुद्धावरून माणूस थेट दुसऱ्यावर जातो. जवळपास पन्नास श्लोक गळतात आणि म्हणणाऱ्याला पत्ता नसतो. वेळ कमी लागला म्हणून उलट बरं वाटतं! सहस्रनाम म्हणायचं तर पुस्तक हातात हवं. रेल्वेत ते जमतं. एसटीत घाटात वाचायला गेलात तर मळमळतं.

रामरक्षेतही एक जागा जपायची. ‘शिरो मे राघवः पातु’पासून ‘पातु रामोऽखिलं वपुः’पर्यंतचे साडेपाच श्लोक सलग व्हावेत. डोक्यापासून पायापर्यंतचा क्रम आहे तो. मध्येच कंडक्टर आला आणि परत सुरू करताना गुडघे राहिले की मांड्या, हे आठवत नाही. म्हणून तिकीट काढून झाल्यावर सुरुवात करायची. तुटलंच तर पुन्हा ‘शिरो मे’पासून. बाकी ठिकाणी चालू श्लोक पुरा करून थांबलं तरी चालतं.

माहुलीकर:
हे मान्य. पण म्हणजे करता येतो, नीट करायचा एवढंच. कृष्णाकाठ, अथर्वशीर्षाच्या फलश्रुतीत ‘सर्वत्राधीयानोऽपविघ्नो भवति’ आहे, म्हणजे सगळीकडे म्हणणाऱ्याची विघ्नं दूर होतात. सर्वत्र म्हटल्यावर एसटी वगळली का? आणि मनुस्मृतीत उपांशु (ओठ हलतात पण ऐकू येत नाही असा) जप शंभर पटींनी आणि मानस जप हजार पटींनी श्रेष्ठ म्हटलाय. ओठही न हलवता केलेलं वरचं, मग बसायची जागा कुठली याला काय महत्त्व?

कृष्णाकाठ:
मनूचं वचन जपाबद्दल आहे, स्तोत्रपाठाबद्दल नाही. अथर्वशीर्ष सस्वर म्हणायचं असतं. उदात्त-अनुदात्त हे चढउताराचे स्वर मनातल्या मनात सांभाळणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि मोठ्याने म्हटलं तर सगळी बस ऐकते. ‘सर्वत्र’च्या जवळच ‘अशिष्याय न देयम्’ (शिष्य नसलेल्याला देऊ नये) हेही आहे, तेही वाचा. मोबाईलच्या स्पीकरवर लावून पन्नास माणसांना ऐकवणारे तर या चर्चेत मोजूच नयेत.

स्टेअरिंगवाले:
गाडी चालवणाऱ्याबद्दल कुणी बोललंच नाही. त्याने पाठ करू नये. पुढची ओळ आठवण्यात लक्ष गेलं की आरशाकडे बघायचं राहतं. मोजून जप तर नकोच. माळ ओढायला एक हात जातो. करमाळेत अंगठा पेरांवर फिरवायचा असतो, म्हणजे स्टेअरिंगवरची पकड सुटली. खंबाटकी उतरताना हे करायचं आहे का? न मोजता नाव घ्या. ऐकायचं असेल तर निघण्याआधी लावून ठेवा. दुचाकीवर इअरफोन नकोत, मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

शिंगणवाडी:
दोघंही संस्कृतातच अडकलात. आपल्याच भागात समर्थांनी यावर उतारा देऊन ठेवलाय. मनाचे श्लोक २०५ आहेत, विनियोग (पाठाआधी ऋषी-छंद-देवता सांगणं) नाही, न्यास नाही. भुजंगप्रयात वृत्त, चरणाला बारा अक्षरं, त्यामुळे अक्षर गळलं की कानाला लगेच खटकतं. आवाजात, धक्क्यात टिकणारं दुसरं काही इतकं सोपं नाही. पाच-पाच श्लोकांचे गट पाडा, थांबा आला की गट संपवा.

समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींची यात्रा करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं: सात सातारा जिल्ह्यात (शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन), बहे आणि शिराळा सांगलीत, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. गाडीत अकरा वेळा भीमरूपी उरकून देवळात नुसता हात जोडतात, ते उलटं आहे. स्तोत्र मूर्तीपुढे म्हणा, वाटेत मनाचे श्लोक.

कृष्णाकाठ:
याला माझी ना नाही. मनाचे श्लोक चपला घालूनही चालतात.

माहुलीकर:
आणि रामरक्षा चालत नाही? ‘पथि’ अजून तिथेच आहे.