मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला युनिकोड ‘पुढच्या आवृत्तीत’ येणार म्हणे. थांबावं की सोडावं? (नाशिक, छोटं प्रेस)

छापखाना_रविवारकारंजा

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय. थोडी जळजळही आहे, ती आधी ओकून टाकतो.

रविवार कारंजाजवळ आमचं छोटं प्रेस आहे, वडिलांपासूनचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका. एक ऑफसेट मशीन, दोन कॉम्प्युटर, टायपिंगला एक ताई. मराठीचं सॉफ्टवेअर आणि फॉन्ट २००६ साली घेतले, डोंगल (कॉम्प्युटरला लावायची सॉफ्टवेअरची किल्ली) लावल्याशिवाय न उघडणारे. त्या वेळी घासाघीस करूनही चांगलीच रक्कम मोजली होती, आणि पुढे दरवर्षी देखभालीचे पैसे भरतोय.

मागणी एकच आहे. युनिकोड मजकूर, म्हणजे मोबाइलवर नि इंटरनेटवर चालतो तो, सरळ आत घेता यावा आणि बाहेर देता यावा. हल्ली गिऱ्हाईक कागदावर लिहून आणत नाही, व्हॉट्सॲपवर मजकूर टाकून मोकळं होतं. तो आमच्या सॉफ्टवेअरात चिकटवला की नुसते चौकोन. मग ताई सगळं पुन्हा टाइप करतात. गिऱ्हाइकाने एकदा बडवलेलं आम्ही दुसऱ्यांदा बडवायचं, आणि त्यात होणाऱ्या चुका आमच्या नावावर.

पहिला मेल २०१७ ला केला. उत्तर आलं, ‘पुढच्या आवृत्तीत.’ २०१९ ला पुढची आवृत्ती आली, त्यात नव्या बॉर्डरी आणि गणपतीची चित्रं. २०२२ ला विचारलं तर ‘काम सुरू आहे’. नाशिक, नगर, जळगाव, धुळ्याच्या प्रेसवाल्यांचा आमचा ग्रुप आहे, तिथे दर महिन्याला कोणीतरी हाच विषय काढतं. कंपनीचा माणूस आधी उत्तरं द्यायचा, मग नुसते जोडलेले हात टाकायला लागला, दिवाळीनंतर ग्रुपमधूनच निघून गेला. दर २७ फेब्रुवारीला मात्र कुसुमाग्रजांचा फोटो टाकून मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छा न चुकता येतात.

पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे. २०२७ च्या सिंहस्थाची कामं यायला लागलीत, भक्तनिवासांची पत्रकं वगैरे, ती सगळी मोबाइलवरच्या मजकुरावरून करायची असतात. सोडायचं म्हटलं तर जवळजवळ वीस वर्षांच्या फाइली त्याच फॉन्टमध्ये आहेत. दरवर्षीचा अहवाल गेल्या वर्षीच्या फाइलवरूनच तर करतो. काय करावं?

सातपूरकर

पानं कशात लावता? खरं सांगा.

छापखाना_रविवारकारंजा

पेजमेकर ७. हसू नका.

सातपूरकर

हसत नाही, आमच्याकडेही २०२१ पर्यंत तेच होतं. पण भाऊ, पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ ची आहे. त्याला युनिकोड देवनागरी कळतच नाही. कंपनीने उद्या सकाळी युनिकोड दिलं तरी तुमचं पान पेजमेकरमध्ये अडणारच. तुम्ही दोन बंद दुकानांपुढे उभे आहात आणि एकाच दारावर थापा मारताय.

प्रूफवाली_मावशी

मी मुद्रितशोधक, प्रेसवाली नव्हे. पण या फाइली युनिकोडमध्ये नेण्याच्या कामात गेली सहा-सात वर्षं मान मोडून घेतलीय, म्हणून सविस्तर लिहिते.

जुन्या फॉन्टमध्ये तुमचा मजकूर मराठी नसतोच हो. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. म्हणून फॉन्ट बदलला की ‘श्री गणेशाय नमः’चं भलतंच काहीतरी होतं. शिवाय कुठल्या जागी कुठला आकार, हे प्रत्येक कंपनीने आपलं आपलं ठरवलं. युनिकोडमध्ये ‘क’ला एकच क्रमांक, कुठल्याही फॉन्टमध्ये आणि कुठल्याही मशीनवर तोच.

यामुळे नुसती अक्षरं बदलून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती नंतर. रफाराचं उलटं, तिथे तो नंतर, इथे ‘र्’ म्हणून आधी. ‘निर्मिती’मध्ये रफार आणि वेलांटी शेजारी येतात. काही फॉन्टमध्ये तर दोन्हींचा मिळून एकच आकार असतो. परिवर्तक, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारे प्रोग्राम, तिथेच गडबडतात.

दुसरा घोळ अर्ध्या र चा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. युनिकोडमध्ये या दुसऱ्यासाठी ‘ऱ’ वेगळा आहे, पण बरेच परिवर्तक दोघांना एकाच दावणीला बांधतात. एका संस्थेच्या अहवालात अन्नदानाच्या खर्चाखाली ‘आचाऱ्यांचे मानधन’ होतं, परिवर्तनानंतर छापलं गेलं ‘आचार्यांचे मानधन’. वार्षिक सभेत संस्थेचे आचार्य उठून म्हणाले, आम्हाला तर एक पैसा मिळालेला नाही. ते प्रूफ माझ्याकडे आलंच नव्हतं, हे नमूद करते.

परिवर्तक घेण्याआधी कसोटीचं एक पान करा आणि त्यात हे शब्द टाका: निर्मिती, पुनर्रचना, सुऱ्या, वाङ्मय, हृदय, क्लृप्ती, उज्ज्वल, ज्ञानेश्वर, ऑगस्ट, ॲड. यात जो कमी चुकेल तो घ्यायचा. एकही न चुकणारा मला अजून भेटलेला नाही. आणि सभासदांची नावं, कर्जाचे आकडे असलेला मजकूर कृपा करून इंटरनेटवरच्या फुकट परिवर्तकात टाकू नका.

गंगापूररोडचा_वकील

‘ॲड.’चं नाव काढलंत म्हणून सांगतो. माझ्या मुलीच्या पत्रिकेत माझ्या नावाआधी चौकोन छापून आला होता.

प्रूफवाली_मावशी

वकीलसाहेब, ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टना ते अक्षर माहीतच नाही. तुमच्या प्रेसवाल्याने फॉन्ट बदलायला हवा होता.

निफाडचा_शेतकरी

गिऱ्हाईक म्हणून बोलू का? आमच्या सोसायटीचा अहवाल पीडीएफमध्ये येतो. त्यात स्वतःचं नाव शोधलं तर सापडत नाही. मला वाटायचं माझाच मोबाइल बिघडलाय. आज कळलं, दोष जुन्या फॉन्टचा.

एकेकाळचा_सपोर्टवाला

मी अशाच एका कंपनीत, तुमच्या नव्हे, चार वर्षं फोन उचलायला होतो. शिव्या खाऊन झाल्यात, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

‘काम सुरू आहे’ हे वाक्य आम्हाला पाठ करून घेतलेलं असायचं. माझ्याकडे मागण्यांची एक एक्सेल फाइल होती. मी इमानदारीत भरायचो. ती उघडून बघायची जबाबदारी कोणाचीच नव्हती. कोड लिहिणारे मूळ लोक सोडून गेलेले, राहिलेल्या दोघांचा सगळा वेळ नव्या विंडोजवर डोंगल चालवण्यात जायचा. युनिकोड करायचं म्हणजे आतला साचाच बदलायचा, त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. आणि एक गोष्ट मीटिंगमध्ये उघड बोलली जायची. मजकूर बाहेर न्यायची सोय दिली की गिऱ्हाईकही त्याच दाराने बाहेर जाणार.

फोन करू नका, त्याची नोंद राहत नाही. ग्रुपवर चिडूनही उपयोग नाही. तिथे आमच्यासारखा पगारी पोरगा बसलेला असतो, त्याच्या हातात काही नसतं. तुमच्या ग्रुपमधून निघून गेला त्याला माझा नमस्कार सांगा, सापडला तर.

सगळ्या प्रेसवाल्यांनी मिळून एक पत्र लिहा, प्रत्येकाचा लायसन्स क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख टाकून. ते सपोर्टला पाठवू नका, वसुली बघणाऱ्याला पाठवा. त्या टेबलावर पत्र वाचलं जातं. आणि पूर्ण युनिकोड मागू नका. ते त्यांना झेपणार नाही, तुम्हाला पुन्हा ‘पुढची आवृत्ती’ मिळेल. फक्त फॉन्टचा तक्ता मागा, कुठल्या जागी कुठला आकार तो. हा तक्ता त्यांच्याकडे तयार असतो. तो हातात आला की परिवर्तक बाहेरचा कोणीही मुलगा लिहून देईल. तक्रार नोंदवली म्हणाले तर तिचा क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर नोंदही नाही, असं धरून चाला.

गंगापूररोडचा_वकील

देखभालीचे पैसे घेताना ‘युनिकोड देऊ’ असं लेखी दिलं असेल तर तो मेल जपून ठेवा. सेवेतल्या त्रुटीची तक्रार ग्राहक आयोगाकडे करता येते. व्यापारी वापर म्हणून समोरचा हरकत घेईल, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अपवाद आहे. तुमच्याकडे नोकर किती वगैरे प्रश्न निघतील. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, फुकट आहे. नुसतं तोंडी ‘बघू’ असेल तर माझा सल्ला: वेळ घालवू नका.

पत्रिकावाले_पंचवटी

सगळे सोडा सोडा म्हणताय, माझं वेगळं मत. पत्रिकेला लागतात ती वळणदार, नक्षीची अक्षरं जुन्या फॉन्टांत जितकी आहेत तितकी युनिकोडमध्ये मला अजून मिळालेली नाहीत. ‘शुभविवाह’ साध्या अक्षरात छापलं तर वरमाई पत्रिका परत पाठवते. पत्रिकेसाठी जुनं ठेवा, पुस्तकी कामाला नवं घ्या. मी दोन्ही वापरतो.

सातपूरकर

हे बरोबर आहे. आम्ही अहवाल आणि स्मरणिका इनडिझाइनवर (ॲडोबीचं पानं लावायचं सॉफ्टवेअर) नेल्या. एक खबरदारी घ्या: परिच्छेदाच्या मेनूत ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडायचा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि माणूस फॉन्टला शिव्या देत बसतो. मी दोन दिवस दिल्या. पैसे घालायचे नसतील तर स्क्रायबस १.६ बघा, २०२४ च्या सुरुवातीला आलं. फुकट आहे, देवनागरी नीट जुळवतं, चार रंगांची पीडीएफ देतं. पेजमेकरच्या सवयीच्या माणसाला महिनाभर हात चोळायला लावतं, तेवढं सोसा.

प्रूफवाली_मावशी

फॉन्टसाठी राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू बघा, मोफत आहेत. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर आधी छापून बघाच. कित्येक फॉन्ट हिंदी वळणाचे आकार देतात आणि पतसंस्थेच्या अध्यक्षांना नेमकं तेवढंच दिसतं.

छापखाना_रविवारकारंजा

सगळ्यांचे आभार. आठवडाभर गप्प होतो, कारण कामाला लागलो होतो.

मावशींचं कसोटीचं पान तीन परिवर्तकांतून काढलं. एक बरा निघाला. त्यातून एका पतसंस्थेचा गेल्या वर्षीचा अहवाल काढला, ४० पानं. ताईंनी आणि मी दोन रात्री बसून वाचला. चुका सापडल्या, बहुतेक रफाराच्या, पण पुन्हा टाइप करण्यापेक्षा वेळ कितीतरी कमी गेला. नवीन अहवाल स्क्रायबसमध्ये लावतोय, ताई माझ्याशी नीट बोलत नाहीयेत.

पत्रावर अकरा प्रेसवाल्यांच्या सह्या झाल्या. तक्ताच मागितला. उत्तर आलं: ‘आपली सूचना नोंदवली आहे.’ क्रमांक मागितला, तो आलेला नाही. नूतनीकरण भरलेलं नाही. पत्रिकेसाठी जुनं आहे तसं चालू ठेवतो.

आता एक नवीनच भीती. ते डोंगल जुनं, प्रिंटरच्या पोर्टला लागणारं. तो पोर्ट असलेला कॉम्प्युटर एकच आहे आणि कालपासून तो चालू होताना शिट्टी मारतोय. फाइली काढून होईपर्यंत तो टिकायला हवा. कोणाकडे तसा जुना डबा पडून आहे का?

पत्रिकावाले_पंचवटी

माझ्याकडे आहे, माळ्यावर. पोर्ट शाबूत आहे, मॉनिटर मात्र तुमचा आणा. रविवारी दुपारनंतर या, सकाळी रामकुंडाकडे गाडी लावायला जागा मिळत नाही.

छापखाना_रविवारकारंजा

येतो. पेढे आणू का चिवडा?

पत्रिकावाले_पंचवटी

चिवडा. आणि तो फॉन्टचा तक्ता कधी आलाच, तर मलाही एक प्रत.