रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप: रोजच्या कामाला कसा वाटला? अनुभव लिहा

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांसाठी लीजवर घेतलेले लॅपटॉप एकगठ्ठा परत करतात आणि साफसफाई होऊन ते पुन्हा बाजारात येतात. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत या मालाचे लॉट फिरत असतात. हल्ली घरातलं कुणी ना कुणी विचारतं, "घेऊ का? टिकेल का?" म्हणून हा धागा. १२ ते १४ इंची, रोज पिशवीत टाकून नेता येईल अशा यंत्रांबद्दलच लिहा. मॉडेल, काम काय करता आणि नंतर काय बदलावं लागलं, एवढं जरूर सांगा.

सुरुवात मी करते. मी अनुवादक, पुण्यात असते, बराचसा वेळ ग्रंथालयात. माझ्याकडे थिंकपॅड एक्स २८० आहे. २०१८ चं मॉडेल, साडेबारा इंची पडदा, वजन सव्वा किलोच्या आसपास. या आकारात इतका चांगला कीबोर्ड मला नव्या स्वस्त लॅपटॉपमध्ये मिळाला नाही. दिवसभर टंकणाऱ्या माणसाला प्रोसेसरपेक्षा कीबोर्डच जास्त भेटतो, म्हणून मी निवड तिथूनच केली. याची रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. दुकानात ८ जीबीचे ढीगभर होते, पण मी १६ जीबीचा येईपर्यंत थांबले. एका वेळी दोन शब्दकोश, ब्राउझर, वर्ड आणि पीडीएफ उघडे असतात, तरी कुठे अडत नाही. बॅटरी मात्र लवकरच बदलून घेतली.

सांगली, जीएसटी आणि आयकराची कामं

एलिटबुक ८३० जी ५. सव्वातेरा इंची पडदा, इंटेलचा आठव्या पिढीचा आय ५ प्रोसेसर, रॅमचे दोन स्लॉट. ८ जीबीवर घेतला आणि रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी ८ टाकली.

आमच्या कामात पोर्ट फार महत्त्वाचे. डिजिटल सिग्नेचरचं टोकन साध्या यूएसबीत बसतं, शिवाय पेन ड्राइव्ह, माउस, कधी पक्षकाराचा प्रिंटर. नव्या पातळ लॅपटॉपला नुसते टाइप-सी पोर्ट असले की डोंगल (साधं यूएसबी जोडायचा अडॅप्टर) सांभाळत बसावं लागतं, आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला नेमका तोच सापडत नाही. ऑफिसमध्ये २२ इंची मॉनिटर जोडून ठेवला आहे. मोठी एक्सेल शीट सव्वातेरा इंचावर दिवसभर बघू नका, डोळे जातील.

पडद्याबद्दल आणखी एक. काही कॉर्पोरेट लॅपटॉपना शेजारच्याला वाचता येऊ नये असा प्रायव्हसी पडदा असतो. माझ्या भावाने तसा एक घेतला. समोर बसलेल्याला ठीक, पण पक्षकाराला बाजूने आकडे दाखवायचे म्हटलं की दरवेळी यंत्रच फिरवावं लागतं. घेताना विचारून घ्या.

नाशिक, लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान

माझ्या टेबलावर रोज हीच यंत्रं येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोक येऊन आधी विचारतात, आय ५ का आय ७? मी म्हणतो, आधी पिढी विचारा. सातव्या पिढीपर्यंत या पातळ मॉडेलमध्ये येणाऱ्या आय ५ ला दोनच कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असायचे, आठव्या पिढीपासून चार झाले. सातव्या पिढीचा आय ७ घेण्यापेक्षा आठव्याचा आय ५ रोजच्या कामाला जास्त चांगला. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे जवळजवळ आठव्या पिढीपासूनच चालतं, आणि विंडोज १० ची नेहमीची सपोर्ट मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. बाजारात सहाव्या-सातव्या पिढीचा माल स्वस्त होण्याचं मोठं कारण तेच आहे.

आता ज्याबद्दल कुणी विचारतच नाही, पण ज्यामुळे अख्खे पैसे बुडतात ते. कुलूप. हे तीन प्रकारचं असतं. पहिलं, बायोसचा (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगचा) सुपरवायझर पासवर्ड. लॅपटॉप चालू होतो, सगळं नीट दिसतं, पण बायोसमध्ये शिरून काही बदलता येत नाही. दुकानातच बायोस उघडून बघा. दुसरं, ॲब्सोल्यूट, ज्याला आधी कॉम्प्युट्रेस म्हणत; हरवलेला लॅपटॉप शोधायला आणि दुरून बंद करायला कंपन्या ते वापरतात. जुन्या मालकाने ते सुरू केलेलं असेल तर हार्ड डिस्क बदलूनही जात नाही, कारण त्याचं मूळ फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये असतं. बायोसच्या सिक्युरिटी पानावर त्याची स्थिती दिसते. तिसरं सगळ्यात फसवं. कंपनीने आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर त्या यंत्राची नोंद करून ठेवलेली असते, त्याला ऑटोपायलट म्हणतात. तुम्ही काही महिने मजेत वापरता. मग कधीतरी विंडोज रीसेट करता, इंटरनेट जोडता आणि पडद्यावर भलत्याच कंपनीचं नाव येऊन लॉगिन मागतं. ही नोंद त्या कंपनीनेच काढायची असते, दुकानदाराच्या हातात काही नसतं. म्हणून पैसे देण्याआधी विंडोज रीसेट करायला सांगा आणि आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट जोडून पहिला सेटअप डोळ्यांसमोर पूर्ण करा. दुकानदार कुरकुर करेल, पण चांगला असेल तर करू देईल.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्जला उरलेली क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. मूळ ४८ वॅट-अवरची (हे साठवलेल्या विजेचं माप) बॅटरी ३६ वर आली असेल आणि लिहिणं-वाचणं, ब्राउझर अशा हलक्या कामाला ७-८ वॅट लागत असतील, तर साडेचार-पाच तास धरा. पण नुसत्या कागदावर जाऊ नका, बनावट बॅटऱ्या तिथे हवे ते आकडे दाखवतात. चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवा आणि टक्के कसे उतरतात ते बघा. टचपॅड वर उचललेला किंवा एका बाजूने घट्ट वाटला तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. तो नग बाजूला ठेवा.

बाकी पडद्यावर पांढरं आणि काळं चित्र पूर्ण भरून डाग बघा, नोटपॅडमध्ये एकूण एक की दाबा, हिंज कडकड वाजतेय का ऐका. पंखा आवाज करत असेल तर घाबरू नका, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट सुकलेली असते, साफ करून नवी लावली की बहुतेक वेळा यंत्र शांत होतं.

कुडाळ, शिक्षक

पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून मी मुद्दाम थिंकपॅड एक्स २७० शोधला. याला दोन बॅटऱ्या असतात. एक आत, दुसरी मागून काढता येणारी. आतली चालू असताना मागची काढून दुसरी चढवता येते, यंत्र बंद करावं लागत नाही. मागची मोठी बॅटरी ७२ वॅट-अवरपर्यंतची मिळते. ती लावली की मागे जरा उंचवटा येतो, पण त्याने कीबोर्डला छान उतार मिळतो.

हा सातव्या पिढीचा आहे हे मान्य. मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती भरायची ती ब्राउझरमध्येच, प्रश्नपत्रिका लिबर ऑफिसमध्ये, मराठी टंकलेखन इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने. नाशिकच्या दादांनी सातवी पिढी जवळजवळ बादच केली, पण ज्याला विंडोजच हवी असं नाही त्याच्यासाठी हे फार भरवशाचं यंत्र आहे. फक्त पडदा बघून घ्या. याच मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ चे फिकट पडदेही भरपूर येतात. माझा फुल एचडी आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारा) आहे, आणि तेवढ्यासाठी थोडे जास्त पैसे दिले ते योग्यच होते असं वाटतं.

म्युनिक

इथे हा बाजार मोठा आणि शिस्तीचा आहे. ऑनलाइन घेतलेलं यंत्र १४ दिवसांत कारण न देता परत करता येतं, आणि विक्रेत्याला वापरलेल्या मालावरची कायदेशीर जबाबदारी एक वर्षाच्या खाली आणता येत नाही. म्हणून भारतात येताना घरच्यांसाठी नेण्याचा मोह होतो. नेण्याआधी कीबोर्ड बघा. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते, एंटरही उभा. मी इनस्क्रिप्टने टाइप करते, बोटांना जागा पाठ आहेत, त्यामुळे वर काय छापलंय याने मला फरक पडत नाही. पण आईला अक्षरं बघून टाइप करावं लागतं. तिच्यासाठी थिंकपॅड टी ४८० नेला, कारण त्याचा कीबोर्ड खालचे दोन स्क्रू काढून वरून सरकवला की निघतो. अमेरिकन कीबोर्ड ठाण्यात मिळाला, भाच्याने घरीच बसवला. त्याचाच पातळ भाऊ टी ४८० एस मात्र त्यासाठी जवळजवळ पूर्ण उलगडावा लागतो.

छत्रपती संभाजीनगर

वडिलांसाठी साडेबारा इंची फुल एचडी घेतला. त्यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे. अक्षरं फार बारीक, १५० टक्के मोठी केली तर पानावर काही मावत नाही. आता तो मी वापरतो आणि त्यांना १४ इंची दिला. ज्येष्ठांसाठी लहान आकार नको.

धागाकर्तीचा प्रश्न

नाशिकचे दादा, माझ्यासारखी कुणाला बॅटरी बदलायची झाल्यास कुठली घ्यावी? मूळ कंपनीची जुन्या मॉडेलसाठी सहज मिळत नाही.

नाशिक

ताई, पार्ट नंबर बॅटरीवरच छापलेला असतो, त्याच नंबरची मागा. मूळ कंपनीची मिळाली तरी तयार झाल्याची तारीख बघा, गोदामात पाच वर्षं पडून राहिलेली घेऊ नका. दुसऱ्या कंपनीची घेतलीत तर निदान सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून घ्या आणि बसवल्या दिवशीच बॅटरी रिपोर्ट काढून जपून ठेवा. बदलायला गेलात की तोच दाखवायचा. आणि रोज प्लगला लावूनच काम करत असाल तर लेनोवोच्या व्हँटेज ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा.