प्लेट कोरलची कड मागे सरतेय, सांगाडा दिसायला लागलाय

खारंपाणी_कळंबा
खाऱ्या पाण्याची तीन फुटी मत्स्यटाकी, खडक-वाळू वजा जाता पाणी १६० लिटर. नारिंगी प्लेट कोरल (फंजिया, ताटलीसारखा प्रवाळ), ५ इंची, आणून महिना झाला. दहा दिवसांपासून एका बाजूचं मांस आक्रसलंय, सांगाड्याच्या पांढऱ्या पात्या करवतीसारख्या उघड्या पडल्यात. दुकानदारानं सांगितलं म्हणून खडकावर ठेवलाय. क्षारता हजारी ३५, अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट) ६.८ डीकेएच, कॅल्शियम ४१०, नायट्रेट ५, तापमान सकाळी २६, दुपारी २९. पाणी गार ठेवायला लावलेल्या पंख्यामुळं पाणी लई आटतंय. चार दिवसांतून एकदा आरओचं १० लिटर भरतो. एक दिवसाआड कोळंबीचा तुकडा देतो. चुकतंय कुठं?

वाळूतला_खेकडा
पहिलं खडकावरनं खाली घ्या. हा कोरल मोठेपणी कशाला चिकटून राहत नाही, वाळूवर मोकळा पडून असतो. फुगून स्वतःवरची वाळू झटकतो, सरकतोसुद्धा. खडकावर तो फुगला की मांस दगडाला घासतं आणि नेमकी एकच कड जाते. कधी रात्रीत गडगडून उलटाही पडतो.

उचलताना फुगलेला नको. आधी हातानं हलकं पाणी मारा, आक्रसू द्या, मग खालून तळवा घालून पाण्यातल्या पाण्यातच हलवा. पाण्याबाहेर काढला तर आत भरलेल्या पाण्याच्या वजनानं मांस फाटतं. वाळू बारीक हवी, १-२ मिमी. चारी बाजूंनी ४-५ इंच जागा सोडा. वेव्हमेकरचा (लाटा करणाऱ्या पंपाचा) झोत थेट नको, पण पाणी साचलेलंही नको. वाळूपाशी प्रकाश ८०-१०० पार (कोरलला लागणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरे.

टीडीएस_शून्य
क्षारता ३५ आली ती पाणी भरल्यावर मोजलीत की भरायच्या आधी? भरल्यावरची असेल, तर चौथ्या दिवशी १५० लिटरच उरतं आणि क्षारता ३७ च्या पुढं जाते. मग एका दमात परत खाली. जागेपेक्षा मला हा झोका जास्त वाईट वाटतो.

उपाय स्वस्त आहे. घरगुती आरओत असतो तो पाव इंची पाइपचा फ्लोट व्हॉल्व्ह टाकीच्या काठाला बसवा, वर २० लिटरचा कॅन ठेवा. आटेल तेवढंच पाणी येत राहतं. पण घरच्या आरओचं पाणी तसंच नको. मिनरल कार्ट्रिज आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर त्यात परत क्षार मिसळतात. ते बंद करून पुढं डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावा, टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे.

अल्कलिनिटी ८ च्या वर न्या, पण दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त नाही. तुमच्या पाण्याला रोज अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, तीन दिवस. मगभर आरओ पाण्यात विरघळवून झोतात हळूहळू ओता. बेकिंग पावडर नव्हे, त्यात आम्ल असतं.

वाळूतला_खेकडा
क्षारतेचं मान्य. वळवाच्या पावसात लाईट गेली की वेव्हमेकर बंद पडतो, तेव्हा बॅटरीवरचा एअरपंप ठेवा. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो.

रात्रपाळी
कोळंबी तूर्त बंद करा. आजारी कोरल तुकडा धरतो, पचवत नाही, मग तो तोंडाशीच कुजतो. कड स्थिर झाली की आठवड्यातून एकदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), नाहीतर तुरीच्या डाळीएवढा ताज्या कोळंबीचा कण. सुका जवळा नको. लाईट बंद झाल्यावर तासाभरानं बारीक स्पर्शिका बाहेर येतात, तेव्हा पंप २० मिनिटं थांबवून द्या. हर्मिट खेकडे आणि झिंगे घास पळवताना मांसही ओरबाडतात, त्यांना आधी दुसऱ्या कोपऱ्यात खाऊ घाला.

उघड्या कडेवर तपकिरी शेंबडासारखं काही दिसलं तर थांबू नका. नळीनं ओढून बाहेर टाका, आणि बादलीत टाकीचंच पाणी घेऊन आयोडीनच्या द्रावणात १० मिनिटं बुडवा, द्रावणाच्या बाटलीवरच्या प्रमाणात. ते बादलीतलं पाणी परत टाकीत नाही.

खारंपाणी_कळंबा
भरल्यावरच मोजत होतो. आत्ता, भरायच्या आधी, ३७ आली. कोरल खाली घेतला. पण वाचला नाही तर नवीन आणावा का?

रात्रपाळी
मेला तरी सांगाडा फेकू नका. पात्यांच्या खोल फटीत जिवंत पेशी उरतात आणि काही महिन्यांनी त्यावरच देठावर बसलेली बटणाएवढी पिल्लं येऊ शकतात. फक्त त्यावर शेवाळ चढू देऊ नका.

टीडीएस_शून्य
आणि नवीन घेताना कागद मागा. सगळे दगडी प्रवाळ (प्लेट कोरलही त्यातलाच) वन्यजीव कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, आणि परदेशातून येणाऱ्यांना साइट्सचा (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागतो. कागद नसेल तर घेऊ नका.