मदत हवी आहे: सीपीयूतून रॅम चोरीला जातेय, झाकण बंद कसं करू?

शाईदौत: कोणीतरी लवकर सांगा. 8 जीबीच्या मशीन 4 जीबी दाखवतायत. काल एक उघडली तर रॅमची पट्टी बसते तो एक स्लॉट रिकामा, दोन्ही बाजूच्या खिट्ट्या उघड्याच. आता तीन मशीनचं हेच झालंय. झाकणाला कुलूप लागतं का? परवापासून मुलांची ऑनलाइन सराव परीक्षा आहे.

सोल्डरगन: मशीन कोणत्या? ब्रँडेड की असेंबल्ड? झाकण स्क्रूवर आहे की खटक्यावर?

नेटवर्कनाना: सरळ वेल्डरकडून लोखंडी पिंजरे करून घ्या. आमच्या संस्थेत चार वर्षं झाली, एक स्क्रू हललेला नाही.

पीसीवेडा: रॅम जाऊ द्या, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी टाका. जुनी मशीनसुद्धा पळायला लागते. आणि नवीन कॅबिनेट घेणार असाल तर पुढून जाळीचं घ्या, काचेचं नको.

शाईदौत: नवीन काही घ्यायचं नाहीये! अभ्यासिकेत 14 मशीन आहेत, देणगीत मिळालेल्या. काळे टॉवर, झाकण खटक्यावर.

सोल्डरगन: ताई, मॉडेल?

शाईदौत: डेलचं ऑप्टिप्लेक्स 7010.

सोल्डरगन: मग कुलपाची सोय तुमच्याकडे आधीच आहे. मागे बघा, एक छोटी लोखंडी कडी दिसेल. तिच्यात कुलूप घातलं की झाकणाचा खटका सरकत नाही.

गोदाकाठ: शेजारी केन्सिंग्टनची खाचही असेल, साधारण 3 बाय 7 मिलिमीटरची. त्यात केबल लॉक लावा, म्हणजे मशीन टेबलाला बांधलेली राहते.

सोल्डरगन: मशीन कोणी उचलून नेत नाहीये, आतला माल जातोय. काही कॅबिनेटमध्ये त्या खाचेतल्या कुलपाने झाकणही अडतं, काहींत नाही. आधी कडीत कुलूप घाला.

नेटवर्कनाना: छोट्या कडीत बारीक कुलूपच जाणार, ते पक्कडीने तुटतं. पिंजराच हवा.

सोल्डरगन: नाना, पुढून हवा आत घेऊन मागून टाकणाऱ्या मशीनला पिंजरा चिकटून बसला तर उन्हाळ्यात पंखा कोकलत राहील. शिवाय दर वेळी धूळ काढायला पिंजरा उघडा.

नेटवर्कनाना: चारी बाजूंनी चार बोटं जागा सोडली की काही होत नाही. स्वतः करून बघितलंय, म्हणून सांगतो.

शाईदौत: कडी सापडली. मला ती वायर अडकवायला दिलीय असं वाटायचं. दाराचं कुलूप जाईना, बॅगेचं गेलं. आता दुसरं. सुरू करताना 'अलर्ट! कव्हर वॉज प्रीव्हियसली रिमूव्हड' येतं आणि एफ1 दाबावं लागतं. महिनाभर मुलं दाबतायत. तो एरर कसा घालवू?

सोल्डरगन: हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! तो एरर नाही. झाकणापाशी एक बारीक स्विच असतो. झाकण निघालं की त्याची नोंद राहते, वीज बंद असली तरी, बोर्डावरच्या नाण्याएवढ्या सेलच्या जोरावर. महिनाभर मशीन हेच सांगत होती. किती मशीनवर येतो हा मेसेज?

शाईदौत: पाच.

सोल्डरगन: म्हणजे तीनवर थांबू नका, उरलेल्या दोन आजच उघडून बघा.

गोदाकाठ: सगळ्यांची रॅम मोजून झाली की बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) सिक्युरिटीत 'चॅसी इंट्रूजन', म्हणजे झाकण उघडल्याचा इशारा, शोधा. इशारा क्लिअर करा आणि ते एनेबल्ड ठेवा. 'ऑन-सायलेंट' नको, मग स्क्रीनवर काहीच येत नाही. बायोसला ॲडमिन पासवर्डही द्या.

सोल्डरगन: पासवर्ड नक्की द्या, पण आधी कुलूप. या बोर्डावर पासवर्ड पुसायचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) आतच आहे. झाकण उघडलं की पासवर्डही गेला. आणि एखाद्या मशीनवर तारीख मागे जात असेल तर तिचा तोच नाण्याएवढा सेल, सीआर2032, बदला.

शाईदौत: दोन मशीनवर तारीख मागे जाते. सेल आणते. पाचपैकी चौथीतही एकच पट्टी निघाली, पाचवी पूर्ण आहे. जाड नसलेली 14 पितळी कुलपं कुठे मिळतील?

गोदाकाठ: हार्डवेअरच्या दुकानात एक कुलूप कडीत घालून बघा, मगच बाकीची घ्या. सगळ्यांना एकच किल्ली लागेल असा सेट मागा.

पीसीवेडा: एसएसडीचं काय ठरलं?