मदत हवी आहे: ४१३ चे (‘पाठवलेला डेटा फार मोठा’ या एचटीटीपी संकेताचे) उत्तर पूर्ण लिहूनही ब्राउझरला ते का मिळत नाही?

लिनक्सवर सी भाषेत मी एक छोटा वेब सर्व्हर लिहीत आहे. प्रत्येक क्लायंटसाठी स्वतंत्र थ्रेड आहे आणि सॉकेट (जोडणीची टोके) ब्लॉकिंग आहेत, म्हणजे काम होईपर्यंत थांबून राहणारे. गेट विनंत्यांची उत्तरे व्यवस्थित पोहोचतात. अडचण अपलोडची आहे: हेडरमध्ये कंटेंट-लेंग्थ (बॉडीची, म्हणजे मुख्य मजकुराची, बाइटमधील लांबी) १ एमबीपेक्षा जास्त दिसली, की बॉडी न वाचता मी ४१३ चे उत्तर लिहितो आणि लगेच सॉकेट क्लोज करतो. ५ एमबीची फाइल कर्लने (कमांड लाइनवरून विनंत्या पाठवणाऱ्या साधनाने) पाठवली तर उत्तर दर वेळी मिळते. तीच फाइल ब्राउझरमधून पाठवली, की बहुतेक वेळा ‘कनेक्शन रीसेट’ एवढेच पदरात पडते.

सुरुवातीला संशय कंटेंट-लेंग्थवरच गेला, कारण उत्तराची बॉडी ‘फाइल फार मोठी आहे’ अशी देवनागरीत आहे आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. परंतु मी पाठवत असलेला ४५ हा आकडा स्पेससह बरोबर आहे. सेंड अर्धवट लिहून परतला तर उरलेले बाइट पुन्हा पाठवणारे लूपही आहे. एसट्रेसमध्ये (प्रोग्रामने कर्नलला केलेले कॉल दाखवणाऱ्या साधनात) सर्व बाइट गेलेले दिसतात. एसओ-लिंगर (उरलेला डेटा जाईपर्यंत क्लोजला थांबवणारा सॉकेटचा पर्याय) लावून फरक पडला नाही. क्लोजपूर्वी एक सेकंद थांबलो तर कधी जमते, पण तो उपाय म्हणवत नाही. चूक नेमकी कोठे आहे?

उत्तर

सेंड यशस्वी झाला याचा अर्थ बाइट आपल्या कर्नलच्या बफरमध्ये गेले, क्लायंटने ते वाचले असा नव्हे. रिसीव्ह बफरमध्ये न वाचलेला डेटा असताना क्लोज केले, तर लिनक्स नेहमीच्या फिनऐवजी (जोडणी रीतसर संपवणाऱ्या संदेशाऐवजी) आरएसटी, म्हणजे जोडणी तडकाफडकी तोडणारा रीसेट, पाठवते, आणि तो पोहोचताच क्लायंटकडचे कर्नल, ब्राउझरने अद्याप न वाचलेले आपले उत्तर टाकून देऊ शकते. लिंगरने यात काही बदलत नाही. कर्लने आपली दिशाभूल केली आहे: १ एमबीपेक्षा मोठ्या बॉडीसाठी ते आधी ‘एक्स्पेक्ट: १००-कंटिन्यू’ (बॉडी पाठवू का, असे विचारणारा हेडर) पाठवून क्षणभर थांबते, त्यामुळे ४१३ मिळेपर्यंत बॉडी निघालेलीच नसते. तो हेडर रिकामा करून चाचणी घ्या; कर्लही रडेल.

उत्तर लिहून झाल्यावर फक्त लिहिण्याची बाजू शटडाउनने बंद करावी, येणारा डेटा रिसीव्ह शून्य परत करेपर्यंत वाचून फेकावा आणि मगच क्लोज करावे. एचटीटीपी/१.१ च्या मानकात, आरएफसी ९११२ मध्येही हाच क्रम सांगितला आहे.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. हेडर काढताच कर्लनेही रीसेट दाखवला आणि शटडाउननंतर सलग वीस अपलोडना ४१३ मिळाले. एक शंका उरते: रिसीव्हला ५ सेकंदांची मुदत लावली आहे, पण कोणी दर चार सेकंदांनी एकेक बाइट पाठवत राहिला तर थ्रेड कायमचा अडकेल ना?

उत्तर

अडकेल. म्हणून एकूण वेळेलाही मर्यादा हवी. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये दोन्ही आहेत: दोन वाचनांमध्ये ५ सेकंद आणि एकूण ३० सेकंद. तेच आकडे घ्या.